ओटीपी बोटीवर गेला

एलटीसीच्या अर्जावर 'बऱ्हाणपूर' वाचलं आणि आमच्या हेडक्लार्कनं चष्मा कपाळावर चढवला. "लोक ताजमहाल बघायला आग्र्याला जातात, तू बऱ्हाणपूरला जाऊन काय बघणार?" मी म्हटलं, "जिच्यासाठी ताजमहाल बांधला ती मुमताज १६३१ साली तिथं गेली. पहिल्यांदा पुरली तीही तिथंच. मी आधीचा भाग बघून येतो." तो हसला नाही. सरकारी कचेरीत इतिहासावरचे विनोद चालत नाहीत.

खरं कारण साधं होतं. माझ्या मावसबहिणीचं सासर बऱ्हाणपूरचं. वीस वर्षं 'या, या' म्हणत होती. गोवा एक्स्प्रेसनं भुसावळ, तिथून पुढे थोडंसंच. मध्यप्रदेशात असलं तरी गाव खानदेशाला चिकटलेलं आहे. बाजारात मराठी बोलून भागतं. त्यांचं घर सिंधीपुऱ्यात.

आता माझी फजिती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी इतरांवर तोंडसुख घेईन तेव्हा वाचकांना बरं वाटेल. पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना मी बहिणीच्या सासऱ्यांना म्हणालो, "फाळणीनंतर इथं बरेच सिंधी लोक आलेले दिसतात, म्हणून सिंधीपुरा ना?" मास्तर (आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस) शांतपणे म्हणाले, "फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांची वस्ती निराळी. हा सिंधीपुरा सोळाव्या शतकातला. सिंधमधल्या पाट गावाहून सूफी घराणी निघाली, फारुकी सुलतानांच्या राज्यात आली आणि इथं राहिली. शाह ईसा जुंदुल्लांचं नाव ऐकलंय?" ऐकलं नव्हतं. चार शतकं मी एका वाक्यात गिळून टाकली होती, आणि तीही किती खात्रीनं! सिंधी म्हटलं की फाळणी. डोक्यात पाटी आधीच लिहिलेली, गावानं फक्त तिच्याखाली येऊन उभं राहायचं.

हे सगळं ऐकत माझा भाचा शेजारी बसला होता. तो पुण्याला एका कंपनीत यूएक्सचं काम करतो. यूएक्स म्हणजे यूझर एक्स्पीरियन्स, वापरणाऱ्याचा अनुभव. मोबाइलवर कुठलं बटण कुठं असावं, अर्जात आधी काय विचारावं, माणूस कुठं अडेल, हे ठरवायचा धंदा. डॉन नॉर्मन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ १९९३ साली ॲपल कंपनीत गेले आणि त्यांनी आपल्या पदाच्या नावातच हे शब्द घातले, तेव्हापासून ते रूढ झाले म्हणतात. भाचा हसून म्हणाला, "मामा, ह्याला आमच्यात अझम्प्शन म्हणतात. चालतं. आम्ही तर रोज त्याच्यावरच जगतो. रिसर्चला वेळ कुणाकडे आहे?"

मंडळी, तिथं माझं डोकं फिरलं. कारण त्याचं 'चालतं' माझ्या खिडकीपुढे रोज रांगेत उभं असतं.

मी एका खात्यात यूडीसी आहे. खातं कुठलं ते सांगत नाही, वाचकांनी ओळखलं तरी मोठ्यानं बोलू नये. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका योजनेचे अर्ज ऑनलाइन झाले. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो आले. कागदाचे अर्ज बंद. पहिल्याच आठवड्यात सत्तरीतून एक आजी आली. नवरा वारलेला, मुलगा एकच, तो बोटीवर. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: बोटीवर म्हणजे जहाजावर नोकरीला. आमच्या गावागावांत अशी घरं आहेत.) अर्ज भरायला तिनं शेजारच्या पोराला आणलं होतं. सगळं भरून झालं आणि पडद्यावर आलं: मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. मोबाइल नंबर मुलाचा. तिच्याकडे फोनच नाही, म्हणून सगळीकडे मुलाचा नंबर दिलेला. मुलगा कुठल्या समुद्रात होता देव जाणे.

"पुता, तो मेसेज बोटीर गेलो न्हय? आतां हांवें कितें करप?"

मी काय सांगणार? नंबर बदलायचा अर्ज वेगळा, आणि त्यालाही ओटीपी जुन्याच नंबरवर. ती तीन वेळा आली. तीन वेळा दोन बस बदलून. मग मुदत संपली. मुदत संपलेल्या अर्धवट अर्जांच्या यादीत तिचं नाव माझ्यापुढे आलं आणि 'नामंजूर' हे बटण मीच दाबलं. त्या बटणाला मात्र ओटीपी लागत नव्हता.

पुढच्या वर्षी मुलगा सुट्टीवर आला, अर्ज मंजूर झाला. मधल्या महिन्यांचे पैसे गेले ते गेलेच. मागचे पैसे द्यायची सोय पद्धतीतच नव्हती.

ज्यानं कुणी तो पडदा आखला तो दुष्ट होता का? अजिबात नाही. त्यानं फक्त धरून चाललं की एक माणूस म्हणजे एक मोबाइल, आणि तो मोबाइल त्या माणसाच्या खिशात. त्याच्या आजूबाजूला तसंच असेल. सत्तरीतल्या कुठल्याही गावात, कुठल्याही घराच्या सोप्यावर एक दुपार बसला असता तर त्याला कळलं असतं की घरातला फोन हा पितळेच्या समईसारखा असतो, एकच, आणि तो कोणाच्या ताब्यात आहे हे महत्त्वाचं. एक दुपार! ती दुपार वाचवली आणि तिची किंमत आजीनं भरली.

ह्याच अर्जात आणखी एक रकाना होता: 'लग्नापूर्वीचे आडनाव'. वाचताना काही चुकीचं वाटतं का? गोव्यातल्या हिंदू बायकांना विचारा. आमच्याकडे कित्येक घरांत लग्नात मुलीचं नावच बदलायचं. आडनाव तर बदलायचंच. माहेरची कागदपत्रं एका बाईची, सासरची दुसरीच. जन्मनोंद कुणाकुणाची तर पोर्तुगीज काळातली, पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगात. रकाना आखणाऱ्यानं धरून चाललं की बदलतं ते फक्त आडनाव. मग संगणक दोन नावं जुळवतो, जुळत नाहीत, लाल अक्षरं येतात, आणि बाई मला विचारते की म्हणजे मी ती नव्हे का? ह्या भानगडी निस्तरायला नाव-आडनाव बदलाचा १९९० सालचा कायदा आपल्या राज्यात आहे. म्हणजे प्रश्न काही गुपित नव्हता. कुठल्याही तालुक्याच्या कचेरीतल्या शिपायानं सांगितला असता. शिपायाला विचारणार कोण?

आणि भाषा. पहिली दोन वर्षं सगळं इंग्रजीत. १९८७च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूदही त्याच कायद्यात आहे. पण पडदा आखणाऱ्यानं धरून चाललं की गोंयकार म्हणजे इंग्रजी. ओरड झाल्यावर 'मराठी' नावाचं एक बटण आलं. ते दाबलं की मागे जायच्या बटणावर 'पाठ' असं यायचं आणि खोडायच्या बटणावर 'स्पष्ट'. एका काकांनी मला विचारलं, "पाठ कुणाची?" मी म्हटलं, "आमचीच. तुमच्याकडे केलेली."

ह्या मराठीचा आणखी एक मासला, तो बऱ्हाणपूरवरूनच. ह्या गावाच्या नावातला तो अर्धा, डोळ्याच्या पापणीसारखा र बघा. 'सिंधीपुऱ्यात' म्हणतानाही तोच लागतो. हिंदीला हा र लागत नाही, मराठीचं त्याच्याशिवाय चालत नाही. दर्या म्हणजे आपला समुद्र आणि दऱ्या म्हणजे घाटातल्या. आचार्यांना वाकून नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवण कधी तयार होईल ते विचारायचं. एका रेघेचा फरक. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की ऱ मिळतो, युनिकोडमध्ये त्याला जागा आहे (ती जागा मुळात द्राविडी भाषांमधल्या एका र च्या लिप्यंतरासाठी होती, आपला पापणीचा र तिथं भाडेकरू म्हणून राहिला, पण ते असो). म्हणजे सोय आहे. पण देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालणाऱ्यानं कळफलक पडद्यावर दिला तर त्यात ऱ नसतोच. माझ्या एलटीसीच्या छापील मंजुरीत गाव आलं ते 'बर्हाणपूर' होऊन. मास्तरांना दाखवलं तर म्हणाले, "गावाच्या डोक्यावर शेंडी ठेवलीत की!"

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तोही काही मुकाट ऐकणारा नाही. म्हणाला, "मामा, लोकांना विचारून काही होत नाही. लोकांना काय हवं ते त्यांनाच माहीत नसतं. फोर्ड म्हणाला होता ना, लोकांना विचारलं असतं तर त्यांनी जास्त वेगवान घोडा मागितला असता." हे घोड्याचं वाक्य पुण्यामुंबईच्या प्रत्येक कंपनीत भिंतीवर लावलेलं असतं म्हणे. गंमत अशी की हेन्री फोर्ड असं कधी म्हणाल्याचा पुरावा शोधणाऱ्यांना सापडलेला नाही. म्हणजे संशोधनाची गरज नाही हे सांगायला जे वाक्य वापरतात तेही कुणी तपासलेलं नाही! आणि समजा म्हणाला असता, तरी घोडा मागणारा माणूस मला लवकर पोचायचंय हे सांगतच असतो. ऐकणाऱ्याला घोडाच ऐकू आला तर दोष कुणाचा?

दुसऱ्या दिवशी आम्ही कुंडी भंडाऱ्याला गेलो. जुनं नाव खूनी भंडारा. नाव ऐकून मी पुन्हा एकदा कुणाचा तरी खून धरून चाललो होतो, पण आदल्या दिवसाच्या अनुभवानं तोंड बंद ठेवलं.

बऱ्हाणपूर तापीच्या काठावर आहे. मुघलांच्या दक्षिणेकडच्या मोहिमांचा तळ इथं असायचा. फौज, हत्ती, घोडे, सरदार, कारखाने. एवढ्यांना पाणी कुठून द्यायचं? कुणीही म्हणेल, नदी आहे की. पण नदी खाली आणि गाव वर, आणि शत्रूनं नदीचं पाणीच नासवलं तर सगळी छावणी तहानेनं मरायची. जहांगीर बादशहाच्या काळात इथला कारभार अब्दुर्रहीम खानखानानकडे होता. शाळेत ज्याचे दोहे पाठ केले तोच हा रहीम. त्याच्या वेळी तबकुतुल अर्झ नावाचा इराणी जाणकार आला आणि १६१५च्या सुमारास त्यानं ही पाण्याची व्यवस्था उभी केली. इराणात तिला कनात म्हणतात. मराठी मुलखात मलिक अंबरनं खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जी नहर केली तिचं गोत्र हेच.

कल्पना अशी. एका बाजूला सातपुड्याचे डोंगर, दुसऱ्या बाजूला तापी. डोंगरावर पडलेलं पाणी जमिनीत मुरून खालून नदीकडे चाललेलं असतं. ते नदीला मिळण्याआधीच वाटेत गाठायचं आणि जमिनीखालच्या बोगद्यातून, अगदी हलक्या उतारानं, गावात आणायचं. पंप नाही, रहाट नाही, बैल नाही. वर उघड्यावर नसल्यामुळे पाणी तापत नाही, आटत नाही, शत्रूच्या सहज हाती लागत नाही. बोगद्यावर ठराविक अंतरानं उभ्या विहिरी, त्याच कुंड्या. अशा शंभराहून जास्त कुंड्या ओळीनं आहेत. त्यांतून हवा जाते, गाळ काढायला माणूस उतरतो, वाटेत कुणाला पाणी शेंदायचं तर शेंदता येतं. एकूण आठ भंडारे होते. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण अशी त्यांची नावं. चिंताहरण हे नाव मला फार आवडलं. आमच्या एखाद्या ऑनलाइन योजनेला द्यायला हरकत नव्हती, पण लोक हसतील.

लिफ्टनं खाली उतरलो. घोट्याच्या वर पाणी, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले, वर कुंडीच्या तोंडातून येणारा उजेडाचा गोल. पाणी चारशे वर्षं वाहतंय. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ह्याचं नाव गेलं. मी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. भाचा मोबाइल पाण्यात पडू नये म्हणून तो दोन्ही हातांत धरून उभा होता.

तिथं उभं राहून मी त्याला विचारलं, "ह्या इराण्यानं अझम्प्शन केलं होतं की नाही?" केलंच होतं. जमिनीच्या पोटात पाणी आहे हे त्याला दिसत नव्हतं. डोंगराचा उतार, माती, झाडोरा बघून त्यानं अंदाजच बांधला असणार. अंदाजाशिवाय कुदळ कुठं मारायची तेच कळणार नाही. माझं भांडण अंदाजाशी नाही. कनातीच्या कामाची रीत अशी असते की आधी वरच्या अंगाला एक चाचणीची विहीर खणायची. पाणी लागलं, किती खोलावर लागलं, टिकतं का, हे बघायचं. न लागलं तर एक खड्डा वाया गेला, बस. लागलं तरच तिथून गावापर्यंतचा उतार मोजायचा आणि मग बोगदा. आपल्या पडदेवाल्यांची रीत उलटी. आधी गावापासून अख्खा बोगदा खणायचा, तोंडावर संगमरवरी चौथरा बांधायचा, मंत्र्याच्या हस्ते फीत कापायची. पाणी आलं नाही की म्हणायचं, लोकांना बोगदा वापरता येत नाही, त्यांना प्रशिक्षण द्या. आमच्या कचेरीत तसं प्रशिक्षण खरोखरच झालं. चहा-सामोसा होता. आजीला बोलावणं नव्हतं.

भाचा म्हणाला, "चाचणीची विहीर खणायलाही पैसे लागतात, मामा." किती लागतात? जेकब नील्सन नावाच्या ह्याच धंद्यातल्या गुरूनं २००० साली लिहून ठेवलंय की पाच माणसांना तुमची वस्तू वापरायला द्या आणि गप्प बसून बघा, अडचणींचा मोठा भाग तेवढ्यात वर येतो. अर्थात वापरणारे वेगवेगळ्या जातकुळीचे असतील तर प्रत्येक जातकुळीतले काही घ्यावे लागतात, हेही त्यानंच सांगितलं. भाच्याला हे पाठ होतं. परीक्षेला आलं होतं म्हणाला. आमच्या योजनेसाठी पाच आज्या पुरल्या असत्या. एक सत्तरीतली, एक पेडण्याची, एक काणकोणची, दोन पणजीतल्याच घ्या हवं तर. बसभाडं मी माझ्या खिशातून दिलं असतं.

पण संशोधन म्हटलं की मी लगेच टाळ्या वाजवतो असंही नाही. त्या नावाखाली काय चालतं ते मी आतून पाहिलंय, नव्हे, केलंय. एका शुक्रवारी वरून फर्मान आलं: नव्या पद्धतीबद्दल शंभर नागरिकांचे अभिप्राय सोमवारपर्यंत पाठवा. अत्यंत समाधानी, समाधानी, ठीक, असमाधानी. रांगेतल्या लोकांना फॉर्म दिले तर रांग आणखी वाढणार. मग आम्ही चौघे जण संध्याकाळी थांबलो आणि शंभर नागरिक झालो. निळं पेन, काळं पेन, डाव्या हातानं, उजव्या हातानं. कुणी तरी म्हणालं, सगळेच समाधानी नकोत, संशय येईल, म्हणून सात असमाधानी घातले. त्या सातांतला एक मी आजीच्या नावानं भरणार होतो, पेन थांबलं, दुसरंच नाव घातलं. तो अहवाल पुढे कुठल्या तरी सादरीकरणात रंगीत आलेख होऊन झळकला असणार. साधा अंदाज परवडला. तो निदान अंदाज आहे हे कुणाला तरी ठाऊक असतं. हा आमचा अंदाज शिक्का मारून ज्ञान होऊन बसला.

विचारायचं कसं, ह्याचं एक उदाहरण बऱ्हाणपूरनंच दिलंय आणि ते पाण्याचंच आहे. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालं तेव्हा बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या १,०१,९०५ ग्रामीण घरांपैकी ३७,२४१ घरांतच नळ होता. जुलै २०२२ मध्ये हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा झाला. ह्यातला 'प्रमाणित' हा शब्द महत्त्वाचा. खात्यानं म्हणायचं की आम्ही सगळीकडे नळ दिले, ती पहिली पायरी, नुसती खबर. दुसरी पायरी म्हणजे ग्रामसभेनं बसून ठराव करायचा की होय, आमच्या गावात घरोघर पाणी येतंय, कुणी राहिलेलं नाही. जिल्ह्यातल्या २५४ गावांनी तसे ठराव केले तेव्हा प्रमाणपत्र. म्हणजे देणाऱ्यानं सांगितलेलं धरायचं नाही, घेणाऱ्यानं सांगितलं तर धरायचं. कारकून म्हणून सांगतो, असा नियम कागदावर आणणाऱ्याला मी एकदा हात जोडायला तयार आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला गोवा पहिलं प्रमाणित राज्य झाला. छाती फुगली. पण आपण गोंयकार एकमेकांशी खरं बोलू. ठराव विचारतो, नळ आला का, पाणी येतं का. योजनेचं माप माणशी रोज ५५ लिटर. पाणी किती वाजता येतं, एप्रिल-मेमध्ये उंचावरच्या वाड्याला किती जोरानं येतं, पहाटे तीनला उठून पिंप कोण भरतं, हे ठरावात मावत नाही. ते कळायला पहाटे तीनला त्या वाड्यावर असावं लागतं. म्हणून ग्रामसभा वाईट असं नव्हे. ती आपली चाचणीची विहीर, पाणी आहे एवढं ती सांगते. बोगदा पुढे आहे.

निघायच्या दिवशी मास्तर आम्हांला जामा मशिदीत घेऊन गेले. आदिलशहा फारुकीनं बांधलेली. आत अरबी शिलालेख आहे, आणि त्याच मशिदीत एक संस्कृत शिलालेखही, नागरी अक्षरात, शके १५११चा, तिथी-वार-नक्षत्रासकट. बादशाही मशिदीत गावातल्या दुसऱ्या पंचांगानं तारीख! १५९० साली दगडावर दोन भाषा कोरायला काय मेहनत पडली असेल. छिन्नीनं कोरताना चुकलं तर मागे जायला बटण नाही, 'पाठ' नाही की 'स्पष्ट' नाही. भाचा बराच वेळ त्या लेखाचे फोटो काढत होता. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यानं फोटो काढायचं थांबवलं असतं, एवढं यूएक्स मलाही कळतं.

स्टेशनवर बहिणीनं माव्याच्या जिलब्या आणि दराब्याचा डबा दिला. कचेरीत वाटले. हेडक्लार्कनं दोन जिलब्या खाल्ल्या आणि मग माझं एलटीसीचं बिल परत दिलं. मंजुरीतलं गावाचं नाव आणि रेल्वे तिकिटावरचं गावाचं नाव जुळत नाही, असा शेरा. मी खुलासा लिहून दिला, हातानं, पापणीच्या र सकट.

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. त्यांच्या कंपनीकडे कुठल्या तरी राज्याचं अर्जांचंच काम आलंय. म्हणाला, "मामा, त्या आजींचा मुलगा बोटीवर असतो तेव्हा घरचे त्याच्याशी बोलतात कसे? कुणाच्या फोनवरून?" मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती खिडकीवर आली, मी कधी विचारलं नाही.

तो पुढच्या महिन्यात चार दिवस गोव्याला येतोय. त्यातले दोन दिवस समुद्रावर नाही, आमच्या कचेरीत. मी म्हटलं, आत ये, माझ्या शेजारी खुर्ची टाकतो, पंखाही आहे. तो म्हणाला, "नको मामा. बाहेरच्या बाकावर बसतो."